पी०१७१ आणि होजच्या पोटाखालची चीर

परवा सकाळीच भाच्याचा फोन आला. "मामा, इंजिनची पिवळी लाईट लागलीय. स्कॅनर लावला तर पी०१७१ दाखवतोय. सगळीकडे लिहिलंय की ओटू म्हणजे ऑक्सिजन सेन्सर जातो, मागवून टाकू का?"

म्हटलं थांब, काही मागवू नकोस आणि बिघाडाचा हा कोड क्लीअर तर अजिबात करू नकोस. आधी फ्रीझ फ्रेम उघड आणि त्यातले आकडे मला वाचून दाखव. तर तो म्हणे ते काय असतं. त्याची काही चूक नाही यात, ॲप उघडलं की कोड आणि त्याचं एका ओळीचं नाव लगेच समोर येतं, कामाची माहिती दोन-तीन स्क्रीन आत असते आणि तिथपर्यंत सहसा कोणी जात नाही. मी पण गेलो नव्हतो. म्हणूनच हे सविस्तर लिहितोय, कारण हाच कोड पाच वर्षांपूर्वी माझ्या गाडीला आला होता आणि मी दोन महिन्यांत नवा ऑक्सिजन सेन्सर टाकला, मग पेट्रोल फवारणारे इंजेक्टर क्लीन करून घेतले, तरी लाईट दर आठ-दहा दिवसांनी परत येतच होती. तो वैताग मला अजून आठवतो आणि भाच्याच्या वाट्याला तो येऊ नये असं मनापासून वाटलं.

तर पी०१७१ नक्की काय म्हणतो? सिस्टिम टू लीन, बँक १. म्हणजे इंजिनच्या त्या बाजूला पेट्रोलच्या मानाने हवा जास्त होतेय. बस, एवढंच. सेन्सर खराब आहे असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.

आता ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, हे कळतं कसं ते बघा. १ किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. ईसीयू आत किती हवा आली ते मोजतो, त्या हिशोबाने इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते ठरवतो, आणि पुढे एक्झॉस्टमध्ये बसलेला ऑक्सिजन सेन्सर त्याला सांगतो की जळून झाल्यावर ऑक्सिजन शिल्लक राहिला की नाही. राहिला असेल तर ईसीयू पेट्रोल जरा वाढवतो, नसेल तर जरा कमी करतो, आणि हे सतत चालू असतं. ही जी वाढ-घट आहे तिला फ्युएल ट्रिम म्हणतात, टक्क्यांत असते. शॉर्ट टर्म ट्रिम क्षणाक्षणाला हलते. लाँग टर्म म्हणजे ईसीयूने बघून बघून स्वतःला लावून घेतलेली सवय. दोन्हीची बेरीज शून्याच्या आसपास, अधिक-उणे ५ मध्ये असली तर उत्तम, १० पर्यंत चालून जातं. पण पेट्रोल वाढवत वाढवत बेरीज २५ च्या आसपास पोचली आणि तिथेच अडकून राहिली की ईसीयू हात टेकतो आणि पी०१७१ लिहून ठेवतो.

म्हणजे ऑक्सिजन सेन्सर इथे साक्षीदार आहे. त्याने जे पाहिलं ते सांगितलं. चोर दुसराच असतो आणि आपण साक्षीदारालाच धरून बदलून टाकतो.

माझ्या गाडीचं कोडं सुटलं ते एका ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियन काकांमुळे. त्यांनी गाडीला हात लावायच्या आधी एकच विचारलं, "ट्रिम बघितलीस का रे?" मी नाही म्हटलं. त्यांनी स्कॅनर लावला, इंजिन गरम होऊ दिलं आणि आयडलवर, म्हणजे रेस न देता, आकडे वाचले. लाँग टर्म अधिक १९, शॉर्ट टर्म अधिक ६. मग मला म्हणाले रेस दे, आरपीएम २५०० वर धरून ठेव. मी धरलं, आणि माझ्या डोळ्यांसमोर बेरीज २५ वरून घसरत ४ वर आली. रेस सोडली की परत वर. काका म्हणाले, "बाहेरची हवा ओढतेय. थ्रॉटलच्या पुढे कुठेतरी भोक आहे."

एवढ्या ठामपणे कसं म्हणाले ते मला तेव्हा कळलं नाही, नंतर नीट समजून घेतलं. आयडलला थ्रॉटल, म्हणजे हवा आत सोडणारा पडदा, जवळजवळ बंद असतो, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे तिथून सिलिंडरपर्यंतच्या नळ्यांत, व्हॅक्यूम जबरदस्त असतो आणि एकूण हवा मात्र थोडीच जात असते. अशा वेळी छोट्याशा चिरेतून शिरलेली चोरटी हवा, जी एअर फ्लो सेन्सरने मोजलेलीच नाही, ती एकूण हवेच्या मानाने खूप भरते. रेस दिली की थ्रॉटल उघडतो, समोरून भरपूर मोजलेली हवा येते, व्हॅक्यूम पण उतरतो, आणि तीच चोरटी हवा किरकोळ होऊन जाते. म्हणून ट्रिम आयडलला वाईट आणि रेसला बरी असली तर व्हॅक्यूम लीक शोधा. फक्त एक लक्षात ठेवा, ज्या गाडीत एअर फ्लो सेन्सर नसून नुसत्या एमएपी सेन्सरवर, म्हणजे मॅनिफोल्डचा दाब मोजणाऱ्या सेन्सरवर, हिशोब चालतो तिथे हे चित्र इतकं स्वच्छ दिसत नाही, कारण मॅनिफोल्डचा दाब वाढलेला एमएपीला दिसतो आणि ईसीयू त्याप्रमाणे पेट्रोल घालतो. तिथे लीक असली की बहुतेक वेळा आयडलचं आरपीएमच चढलेलं सापडतं.

मग काकांनी एक नाकाड्या पक्कड घेतली, तिच्या तोंडाला कापड गुंडाळलं आणि इंजिन चालू ठेवूनच इनटेक मॅनिफोल्डला येणारी एकेक रबरी होज हलकेच दाबत गेले, नजर स्कॅनरवर. ब्रेक बूस्टरची दाबली, काही नाही. दुसरी एक बारीक होती ती दाबली, काही नाही. पीसीव्हीची, म्हणजे इंजिनच्या पोटातल्या वाफा परत इनटेकमध्ये नेणारी, होज दाबली आणि इंजिनचा आवाजच बदलला, शॉर्ट टर्म झपकन खाली येऊन उण्यात गेली. इंजिन बंद करून ती होज काढली. वरून बघाल तर काळी कुळकुळीत, नव्यासारखी. उलटी केली तर जिथे वळण आहे तिथे पोटाखालून रबर तेल पिऊन फुगलेलं, बोटाला मऊ आणि चिकट लागणारं, आणि त्या मऊ जागेत नखाएवढी उभी चीर. होज सरळ धरली की चीर मिटलेली, जरा वाकवली की ओठासारखी उघडायची. गाडीत ती कायम वाकलेलीच असते. मी त्या होजवरून आधी किमान चार वेळा टॉर्च मारला होता, पण वरून. नवी होज बसवली, कोड काढला, आणि आजपर्यंत त्या गाडीला पी०१७१ आलेला नाही. जुना ऑक्सिजन सेन्सर मी जपून ठेवलाय, तो पूर्णपणे चांगला होता.

लीक शोधायला बरेच जण जॉइंटवर कार्ब क्लीनर मारतात आणि आरपीएम बदलतं का बघतात. चालतं ते, पण गरम एक्झॉस्टशेजारी पेट घेणारा स्प्रे मारायचा आहे हे डोक्यात ठेवा. मला विचाराल तर स्मोक टेस्ट करून घ्यावी, इनटेकमध्ये धूर सोडतात आणि तो जिथून निघतो तिथे बोट ठेवायचं, वादच राहत नाही.

आता भाच्याकडे येतो. त्याने फ्रीझ फ्रेम वाचून दाखवली. फ्रीझ फ्रेम म्हणजे कोड ज्या क्षणी पडला त्या क्षणाचा फोटो समजा, तेव्हा गाडी किती वेगात होती, इंजिन किती गरम होतं, लोड किती, ट्रिम किती, सगळं ईसीयूने टिपून ठेवलेलं असतं. आणि कोड क्लीअर केला की हा फोटो पण पुसला जातो, म्हणून तर मी त्याला आधी हात लावू दिला नाही. त्याचे आकडे होते: वेग ८४, आरपीएम २९००, लोड ७८ टक्के, कुलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) ९१ डिग्री, लाँग टर्म अधिक २१. म्हणजे चढावर किंवा ओव्हरटेक करताना कोड पडलेला. मग त्याला सांगितलं आयडलला बघ. आयडलला बेरीज अधिक ४.

माझ्या गाडीच्या बरोब्बर उलट! कोड तोच, अक्षराचाही फरक नाही, पण माझी गाडी आयडलला उपाशी होती आणि याची लोडवर. लोडवर लीन म्हणजे संशयित दोन: एक तर पेट्रोलच पुरेसं पोचत नाही, पंप दमलाय किंवा फिल्टर चोंदलाय, नाहीतर एअर फ्लो सेन्सर हवा कमी मोजतोय आणि ईसीयू बिचारा त्या खोट्या आकड्यावर पेट्रोल देतोय. मी विचारलं, मध्यंतरी गाडीला काही केलं होतंस का? जरा थांबून म्हणाला, "तो धुवायचा एअर फिल्टर टाकला, तेल लावतात तो." तेल किती लावलंस? "भरपूर."

एअर फ्लो सेन्सरच्या आत केसासारखी बारीक तार किंवा पातळ फिल्म असते, ती गरम ठेवलेली असते. हवा जितकी जास्त तितकी ती थंड होते आणि तिला गरम ठेवायला तितका जास्त करंट लागतो, त्यावरून हवेचं माप निघतं. तिच्यावर तेलाचा थर आणि त्यावर धूळ बसली की तिला जणू गोधडी पांघरली, हवा लागूनही ती हवी तितकी थंड होत नाही, आणि माप कमी येतं. त्याला सांगितलं की एअर फ्लो सेन्सरसाठीच असलेला क्लीनर आण, सेन्सर काढ, लांबून आठ-दहा फवारे मार, बोट नाही, ब्रश नाही, कापड नाही, पूर्ण वाळू दे आणि मग बसव. कार्ब क्लीनर किंवा ब्रेक क्लीनर त्यावर मारू नका, आतल्या नाजूक भागाची वाट लागू शकते. आणि फिल्टर पण साधा कागदी टाक म्हटलं, निदान हे निस्तरेपर्यंत.

कोडच्या नावातला एकेक शब्द कसा चकवतो याचं आणखी एक उदाहरण सांगतो. शेजारच्या काकूंच्या गाडीला पी०११८ यायचा, कुलंट टेंपरेचर सेन्सर सर्किट हाय. एका गॅरेजमध्ये त्यांना सांगितलं की टेंपरेचर हाय होतंय, सेन्सर बदला, बदलला, आठवड्यात लाईट परत. इथे हाय म्हणजे तापमान नव्हे, व्होल्टेज हाय. हा सेन्सर म्हणजे एक रेझिस्टन्स असतो जो तापला की कमी होतो, बऱ्याच गाड्यांत २० डिग्रीला अडीच हजार ओहमच्या आसपास आणि ८० डिग्रीला ३०० च्या आसपास. ईसीयू त्याला ५ व्होल्ट पाठवतो आणि किती खाली ओढले गेले ते बघतो. वायर तुटली, कपलर (सेन्सरला वायर जोडणारा कनेक्टर) निघाला, पिन सैल झाली की काहीच ओढलं जात नाही, व्होल्टेज पूर्ण वर, आणि ईसीयू त्याचा अर्थ लावतो की इंजिन प्रचंड थंड आहे, उणे ४०! म्हणजे हाय कोडचा अर्थ बहुतेक वेळा कुठेतरी सर्किट तुटलंय.

काकूंच्या गाडीचा लाईव्ह डेटा लावून बसलो. ८८, ८८, ८८, उणे ४०, ८८. एका सेकंदात पाणी १२८ डिग्री थंड होऊन परत गरम होणं शक्यच नाही, म्हणजे सेन्सरचा दोष नाही, जोड सुटतोय. वायरिंग हातात धरून हलवलं की आकडा उडी मारत होता. कपलर काढून आत टॉर्च मारला तर दोन पिनांपैकी एक पितळी चकचकीत आणि दुसरीच्या बुडाशी हिरवी भुकटी, आणि मादी टर्मिनलची पाती फाकलेली, पिन आत जाऊन नुसती लटकत होती. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून भुकटी काढली, पण पाती काही नीट धरेना म्हणून टर्मिनलच नवं क्रिंप केलं. कपलरचं रबरी सील फाटलं होतं तेही बदललं, तिथूनच पाणी जात होतं.

अशा दोन वायरच्या टेंपरेचर सेन्सरची एक सोपी तपासणी आहे, घरी पण करता येते. कपलर काढा, स्कॅनरवर उणे ४० च्या आसपास यायला हवं. मग कपलरमधल्या दोन पिना छोट्या वायरने एकमेकींना जोडा, आकडा एकदम वर, १३०-१४० च्या पुढे जायला हवा. दोन्ही झालं तर ईसीयू आणि वायरिंग ठीक आहे, मग खुशाल सेन्सरवर संशय घ्या. एक नाही झालं तर नवा सेन्सर टाकून काहीही फरक पडणार नाही. हे फक्त दोन वायरच्या सेन्सरला हं, तीन वायरवाल्यांत एक ५ व्होल्ट सप्लायची असते, तिथे अशी जोडाजोडी करू नका.

त्यावरून आठवलं, एकदम चार-पाच कोड आले, एमएपी पण, थ्रॉटल पोझिशन पण, अजून कुठला प्रेशर सेन्सर पण, तर लोक घाबरतात की सगळंच गेलं. एकाच दिवशी चार सेन्सर मरत नाहीत. बऱ्याच गाड्यांत ती ५ व्होल्टची सप्लाय अनेक सेन्सर वाटून घेतात, एक शॉर्ट झाला की बाकी सगळे आडवे. मल्टिमीटर ५ व्होल्टच्या वायरला लावून ठेवायचा आणि एकेक कपलर काढत जायचं, ज्याचा काढल्यावर ५ व्होल्ट परत आले तो गुन्हेगार. कुठलाच काढून आले नाहीत तर वायर कुठेतरी घासून बॉडीला लागलीय. आणि अर्थिंग तपासायला विसरू नका, इंजिन चालू असताना बॅटरीच्या निगेटिव्हपासून सेन्सरच्या अर्थिंगपर्यंत ०.१ व्होल्टपेक्षा जास्त ड्रॉप दिसला तर आधी अर्थिंगची वायर साफ करा.

मिसफायरबद्दल थोडक्यात. पी०३०३ म्हणजे तिसरा सिलिंडर मिसिंग करतोय. तिसऱ्याची कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी, दुसऱ्यावर टाका, दुसऱ्याची तिसऱ्यावर. कोड पी०३०२ झाला तर कॉइल गेली. तिथेच राहिला तर प्लगची अशीच अदलाबदल करा, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन. पण इंजिनची लाईट लुकलुकत असेल तर गाडी दामटू नका, न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं आणि कन्व्हर्टर वितळवून टाकतं. पी०४२०, म्हणजे कन्व्हर्टर नीट काम करत नाही असा कोड, आला म्हणून थेट कन्व्हर्टर बदलणाऱ्यांनाही हेच सांगेन की आधी मिसफायर, ट्रिम आणि एक्झॉस्टची गळती बघा, सगळ्यात महाग भाग सगळ्यात शेवटी.

आणि सेन्सर कधीच जात नाही असं माझं म्हणणं नाही. इंजिन कसं फिरतंय ते सांगणाऱ्या क्रँक सेन्सरचं तर नेहमीचं आहे, गाडी गरम झाली की चालता चालता बंद, अर्धा तास थांबलं की जणू काही झालंच नाही अशी चालू. त्याचा कोड पी०३३५ कधी पडतो, कधी पडतच नाही. गाडी बंद पडलेली असतानाच स्कॅनर लावून सेल्फ मारा आणि आरपीएमचा आकडा बघा, इंजिन फिरतंय आणि आकडा शून्यावर, तर क्रँकचा सिग्नल येत नाहीये. कपलर आणि वायर तपासली, ठीक निघाली, मग सेन्सर बदला आणि चांगल्या प्रतीचाच घ्या, इथे काटकसर करू नका, कारण भर रस्त्यात इंजिन बंद पडणं धोक्याचं आहे.

कोड वाचताना अजून एक बघा, पी नंतरचा आकडा शून्य असेल तर तो कोड सगळ्या कंपन्यांना सारखा. १ असेल तर तो त्या कंपनीचा स्वतःचा, त्याचा अर्थ त्याच गाडीच्या मॅन्युअलमधून काढायचा, दुसऱ्या गाडीचा अर्थ लावलात तर भलतीकडे जाल.

भाच्याने त्याच दुपारी एअर फ्लो सेन्सर साफ केला, फिल्टर बदलला, कोड क्लीअर केला. संध्याकाळी फोन, "मामा, लाँग टर्म शून्य दाखवतोय, झालं ना?" म्हटलं नाही झालं, क्लीअर केल्यावर लाँग टर्म पण शून्यापासून सुरू होते, रेडिनेस मॉनिटर, म्हणजे ईसीयूच्या स्वतःच्या तपासण्या, सगळे अर्धवट आहेत, आत्ता तो आकडा काहीच सांगत नाही. दोन-तीन दिवस गाडी चालव, थंड स्टार्ट, थोडी शहरात, थोडी हायवेला, आणि मुख्य म्हणजे त्याच चढावरून ने जिथे लोड ७८ झाला होता. शेजारी कोणाला तरी बसव आकडे वाचायला, तू रस्ता बघ.

काल रात्री त्याने स्क्रीनशॉट पाठवला. आरपीएम २९००, लोड ८१ टक्के, लाँग टर्म अधिक ३, शॉर्ट टर्म उणे १. पेंडिंगमध्ये, म्हणजे अजून पक्के न झालेल्या कोडमध्ये, काही नाही. खाली लिहिलं होतं, "मामा, फिल्टरच्या डब्यातून अजून तेल पुसतोय."